माकडताप आणि ‘परकीय हात’ : संशय कशाचा, काळजी कशाची?

(शेतकऱ्यांसाठीच्या नभोवाणी कार्यक्रमातील भाषण)



आजचा विषय पिकाचा नाही, पण पीक ज्याच्या हातून उभं राहतं त्या माणसाच्या जिवाचा आहे. काजूची बी पडायला लागली, राबासाठी पातेरा गोळा करायचे दिवस आले, की सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे आणि गोव्यात सत्तरीच्या बाजूला एका तापाची धास्ती असते. आपण त्याला माकडताप म्हणतो. वैद्यकाच्या पुस्तकात त्याचं नाव आहे ‘क्यासनूर जंगलाचा रोग’.

या रोगाची माहिती सांगायला बसलं की एक प्रश्न हटकून येतो. “साहेब, हा रोग आपल्याकडे पूर्वी नव्हता. कुणा परदेशी लोकांनी प्रयोग म्हणून सोडला असं म्हणतात. खरं काय ते सांगा.” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो आजचाही नाही. एके काळी त्याची चर्चा थेट दिल्लीला संसदेपर्यंत गेली होती. म्हणून आधी ती हकीकत सांगतो, मग आपल्या कामाचं बोलू.

रोग सापडला कसा?

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात वानरं आणि तांबड्या तोंडाची केलडी मरून पडू लागली. त्याच सुमाराला आसपासच्या गावांत माणसं तापाने अंथरूण धरू लागली. पहिली भीती वाटली ती पीतज्वराची, कारण त्या रोगातही माकडं मरतात. पीतज्वर हिंदुस्थानात कधी नव्हता. तो शिरला तर अनर्थच, म्हणून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राची माणसं तातडीने तिथे गेली. हे केंद्र १९५२ साली सुरू झालेलं. आज त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात.

तपासणीत कळलं की हा पीतज्वर नाही. विषाणू नवीनच होता, आणि तो डासातून येत नव्हता, गोचिडीतून येत होता. त्याचं नातं रशियातल्या, गोचिडीमुळेच होणाऱ्या एका मेंदूज्वराशी जुळत होतं.

संशय आला कुठून?

रशियाचं नाव निघालं आणि पुढचा प्रश्न उभा राहिला. सैबेरिया कुठे, शिमोगा कुठे! मग हा विषाणू आला कसा? हिवाळ्यात उत्तरेकडून आपल्याकडे पाखरं येतात. त्यांच्या अंगावरच्या गोचिडीतून तर आला नसेल? हे पाहण्यासाठी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने, डॉ. सलीम अली यांच्या देखरेखीखाली, पाखरं धरून त्यांच्या पायात कडी घालण्याचं आणि त्यांचं रक्त व गोचिडी तपासण्याचं काम हाती घेतलं. सुरुवातीला मदत जागतिक आरोग्य संघटनेची होती. पुढे पैसा आला तो अमेरिकन लष्कराच्या एका विभागाकडून.

आता बघा, खटकण्यासारखी गोष्ट इथे होती. अमेरिकेचं लष्कर तेव्हा रोगजंतूंची शस्त्रं बनवत होतं, ही काही अफवा नाही. मेरीलँड राज्यातल्या फोर्ट डेट्रिक इथे १९४३ पासून हे काम चालू होतं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ते १९६९ साली बंद केलं. मग आपल्याकडच्या पाखरांची आणि गोचिडींची माहिती त्यांना कशाला हवी, असं लोकांनी विचारलं तर त्यात नवल काय? त्याच सुमाराला दिल्लीकडे डासांवरही परदेशी पैशाने प्रयोग चालले होते. १९७४ साली वर्तमानपत्रांतून या सगळ्यावर गदारोळ झाला. १९७५ साली संसदेच्या लोकलेखा समितीने आपल्या १६७ व्या अहवालात असल्या प्रकल्पांवर कडक ताशेरे मारले. डासांचा तो प्रकल्प त्याच वर्षी आटोपला.

समितीने विचारलं ते योग्यच होतं असं माझं मत आहे. आपल्या बांधावर परका माणूस दोरी टाकून मोजणी करू लागला तर आपण विचारतोच की, बाबा रे, तुला धाडलं कुणी, मजुरी कोण देतो आणि नकाशा कुणाकडे जाणार? तो आपला हक्क आहे. पण म्हणून शेतातलं तण त्या मोजणीवाल्याने पेरलं, असं काही आपण म्हणत नाही. तण कुठून आलं ते पाहायचं तर मातीच उकरावी लागते. तशी ती उकरूनही झाली आहे. त्यातून काय निघालं ते ऐका.

पुरावा काय सांगतो?

पहिली गोष्ट. १९५२ साली पुण्याच्या केंद्राने देशात ठिकठिकाणी लोकांचं रक्त तपासलं होतं. तेव्हा सौराष्ट्र आणि कच्छकडच्या काही लोकांच्या रक्तात याच गटातल्या विषाणूच्या खुणा मिळाल्या होत्या. म्हणजे क्यासनूरची माकडं मरण्याच्या पाच वर्षं आधी या जातीचा विषाणू आपल्या देशात होता. पाखरांचा प्रकल्प तर रोग सापडल्यानंतर सुरू झाला. आधी रोग, मग संशोधक. हा क्रम विसरू नका.

दुसरी गोष्ट. हा विषाणू रशियातला नव्हे. लांबचा नातेवाईक आहे, पण घर वेगळं. १९९० नंतरच्या दशकात सौदी अरेबियात अलखुर्मा नावाचा विषाणू सापडला, तो याचा अगदी जवळचा भाऊबंद निघाला. पाखरांनी रशियातून रोग आणल्याचा पुरावाही मिळाला नाही.

तिसरी गोष्ट आपल्या डोळ्यांसमोरची आहे. जिथे जंगल तुटलं, माणसं आणि गुरं आत शिरली, तिथे रोग भडकला. जॉर्ज बॉशेल नावाच्या शास्त्रज्ञाने क्यासनूर भागात राहून हेच दाखवून दिलं. जंगलात चरणाऱ्या गुरांवर गोचीड पोसते, गुरं वाढली की गोचीड वाढते. पुढे १९८२-८३ च्या सुमाराला दक्षिण कर्नाटकात बेळ्तंगडी तालुक्यात काजू लागवडीसाठी मोठं जंगल तोडलं गेलं. त्यापाठोपाठ साथ आली आणि हजाराहून जास्त माणसं आजारी पडली. काजू म्हटल्यावर आपण कान टवकारले पाहिजेत, नाही का?

अमेरिकेतल्या लोकांनाही असाच संशय छळतो. तिकडे गोचिडीमुळे होणारा लाइम नावाचा रोग आहे. तो आपल्याच लष्कराच्या प्रयोगशाळेतून सुटला, असं तिकडे पुष्कळांना वाटतं. २०१९ साली त्यांच्या संसदेच्या एका सभागृहाने त्याच्या चौकशीचा ठरावही मंजूर केला. पण त्या रोगाच्या जंतूचे अंश आल्प्स पर्वताच्या बर्फात सापडलेल्या, पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या देहात मिळाले आहेत. तेव्हा कुठलं लष्कर आणि कुठली प्रयोगशाळा!

आपल्याकडे रोग आला कसा?

पन्नासहून अधिक वर्षं हा रोग कर्नाटकातच होता. २०१२ नंतर तो केरळ आणि तमिळनाडूच्या जंगलांत दिसला, २०१५ साली गोव्यात सत्तरीत आणि २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात. नकाशावर बोट फिरवा, ही सगळी सह्याद्रीच्या रांगेतली रानं आहेत. माकडं, रानउंदीर, गुरं आणि गोचीड यांना राज्याची हद्द ठाऊक नसते.

संशयाने नुकसान कुणाचं?

मनात संशय बाळगल्याने कुणाचं बिघडलं, असं वाटेल. बिघडतं ते आपलंच. आरोग्य खात्याची माणसं प्रयोग करायला आली आहेत असं धरून चाललं की घरचा आजारी माणूस रक्त तपासायला देत नाही. मेलेलं माकड कुणाला न कळवता ओढून फेकलं जातं. परदेशी शत्रूची वाट बघत बसलं की पायावर चढणारी गोचीड दिसत नाही. या रोगात शंभरातले तीन ते पाच रोगी दगावतात. घरातला कर्ता माणूस ऐन काजूच्या हंगामात पंधरा-वीस दिवस आडवा पडला, तर संसाराची काय गत होते ते तुम्हाला सांगायला नको.

गोचिडीचं वेळापत्रक

मोठी गोचीड पावसाळ्यात गुरांचं रक्त पिते, मग पातेऱ्यात पडून हजारोंनी अंडी घालते. पावसानंतर त्यातून बारीक पिल्लं निघतात. त्यांची पुढची अवस्था साधारण डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत जोरात असते. ही कोवळी गोचीड खसखशीच्या दाण्याहून थोडी मोठी, चटकन डोळ्यांना न दिसणारी. तीच माकडाला चावते, तीच माणसाला. आणि याच महिन्यांत आपण रानात असतो: कवळ तोडायला, पातेरा आणायला, लाकडं गोळा करायला, काजू वेचायला. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची होते.

आता काय करायचं ते लिहून घ्या

१. रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार आणि पायात बूट घाला. विजारीचं टोक मोज्यात खोचा. बायकांनीही पाय झाकले जातील अशी व्यवस्था करावी.

२. आरोग्य केंद्रातून गोचीड पळवणारं तेल मिळतं, ते निघण्यापूर्वी उघड्या अंगाला लावा.

३. पातेऱ्यावर बसू नका, आडवं होऊ नका. जेवायला मोकळी, झाडलेली जागा निवडा.

४. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, साबण लावून अंघोळ करा. काखा, जांघा, कानामागची जागा, मुलांच्या मानेवरचे केस नीट पाहा.

५. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. बोटांनी चिरडू नका. जागा साबणाने धुवा.

६. रोगाच्या भागातला पातेरा गोठ्यात अंथरायला आणू नका.

७. गुरांना हा रोग सहसा बाधत नाही, पण ती गोचीड पोसतात आणि घरापर्यंत आणतात. गोचीडनाशक औषध पशुवैद्यकाला विचारूनच वापरा. पिकावर फवारायचं औषध जनावराच्या अंगाला लावू नका. गोठ्याच्या भेगा लिंपून घ्या.

८. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, त्या जागी जाऊ नका. वनखातं, पशुवैद्यकीय दवाखाना किंवा आरोग्य केंद्र, जे जवळ असेल तिथे त्याच दिवशी कळवा. मग त्या जागेभोवती साधारण ५० मीटरपर्यंत औषध मारता येतं.

९. रानात जाऊन आल्यावर आठवड्याभरात एकाएकी जोराचा ताप, कपाळ आणि कंबर फुटल्यासारखी दुखणं, डोळे लाल होणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणं असं काही झालं तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना आपण होऊन सांगा की मी रानात गेलो होतो. ताप उतरल्यावर पुन्हा आला, मान ताठली, माणूस बरळू लागला, तर लगेच मोठ्या दवाखान्यात हलवा.

या तापावर खास असं औषध अजून नाही. जुनी लसही अपुरी पडल्याने तिचा वापर थांबला आहे. पण वेळेवर दवाखाना गाठला तर बहुतेक रोगी बरे होतात. आणि हा रोग माणसाकडून माणसाला लागत नाही, त्यामुळे आजाऱ्याच्या घराला वाळीत टाकू नका. त्याच्या काजूबागेत जाऊन, अंगाला तेल लावून, बी वेचून द्या.

परदेशी पैशाने आपल्या रानात कोण काय करतंय, हे ग्रामसभेत खुशाल विचारा. कागद मागा, तो तुमचा अधिकार आहे. पण त्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत रानात जाताना पाय झाका आणि मेलेलं माकड दिसलं तर खबर द्या.