कपाट कोणाचे, दप्तर कोणाचे?

(नौपाडा, ठाणे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



नौपाड्यातील कोणत्याही जुन्या घरात गेले, की आतल्या खोलीत भिंतीला टेकून उभे असलेले लोखंडी कपाट दिसते. ते कोणत्याही कारखान्यात तयार झालेले असो, घरातली माणसे त्याला ‘गोदरेजचे कपाट’ असेच म्हणतात. लग्नातला शालू, चार दागिने, विम्याचे कागद, मुलांची प्रमाणपत्रे, जागेचा करारनामा हे सारे त्याच्या आतल्या कप्प्यात बंदिस्त असते. मध्यमवर्गाने आपली कागदपत्रे ज्या कपाटाच्या हवाली केली, ते कपाट घडविणाऱ्या हातांची कागदपत्रे कोठे आहेत, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

यातील अर्ध्या प्रश्नाचे उत्तर ठाण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलने थोड्याच वेळात गाठता येते. विक्रोळीला गोदरेज अँड बॉइस कंपनीचे स्वतःचे अभिलेखागार आहे. ते २००६ साली स्थापन झाले. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलुपे बनविण्याचा धंदा सुरू केला. मागोमाग तिजोऱ्या आल्या, १९२३ पासून पोलादी कपाटे आली, १९४३ मध्ये विक्रोळीची जमीन घेतली गेली. या वाटचालीचा पत्रव्यवहार, छायाचित्रे, जाहिराती, वस्तूंचे नमुने आणि जुन्या माणसांच्या ध्वनिमुद्रित आठवणी तेथे जतन केल्या आहेत. अभ्यासकांना त्या पाहता येतात. आपल्या देशात खाजगी उद्योगाने इतक्या पद्धतशीरपणे दप्तर सांभाळल्याची उदाहरणे थोडी आहेत. टाटा उद्योगसमूहाने १९९१ मध्ये असे काम हाती घेतले, ते त्यांतील एक. या कामाचे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे.

या दप्तरातून बाहेर आलेली एक हकीगत प्रत्येक लोकशाहीवाद्याने लक्षात ठेवावी अशी आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी १९५१ मध्ये लोखंडी मतपेट्या हव्या होत्या. गोदरेजच्या विक्रोळी कारखान्यात बारा लाखांहून अधिक पेट्या तयार झाल्या. पेटीला बाहेरून कुलूप लावायचे तर ठरलेल्या किमतीत ती बसेना. तेव्हा झाकण बंद होताच आतल्या आत कुलूपबंद होईल अशी रचना शोधण्यात आली. ती सुचली कारखान्यातल्या एका कामगाराला. नाथालाल पांचाळ हे त्यांचे नाव. कोट्यवधी निरक्षर, निर्धन भारतीयांचे पहिले मत ज्या कळीने सुरक्षित ठेवले, ती कळ कोण्या विलायती तज्ज्ञाने दिलेली नव्हती. रोज पत्रा हाताळणाऱ्या माणसाच्या बुद्धीतून ती आली होती.

ही गोष्ट ऐकून अभिमान वाटतो, आणि तो वाटलाही पाहिजे. परंतु कार्यकर्त्याने येथेच थांबता कामा नये. एक नाव टिकले. त्याच पेट्या कापणारे, जोडणारे, रंगविणारे, वाघिणीत भरणारे बाकीचे हात कोणाचे होते? त्यांना रोजचा किती पगार पडत होता? ते राहत कोठे, किती तास राबत, किती जणांची बोटे यंत्रात गेली? उत्पादनाचा आकडा मालकाच्या वहीत जितक्या ठळकपणे उतरतो, तितक्या ठळकपणे हा हिशेब उतरत नाही. कोणते कागद ठेवायचे आणि कोणते फाडायचे हे जो ठरवितो, तोच पुढल्या पिढीचा इतिहासही बव्हंशी ठरवितो. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा सरकारी दप्तराला लागू आहे, खाजगी कंपनीला नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षे राखण्याचे बंधन घातले. त्यापुढे जुना कागद राहतो तो बहुधा मालकाच्या मर्जीने, आणि मर्जीला स्वतःचे हितसंबंध असतात. शतकमहोत्सवाचे ग्रंथ आणि जाहिरातीची शोभा यांसाठीच दप्तर उघडले गेले, तर त्यातून मालकाची वंशावळ निघेल, श्रमाचा इतिहास निघणार नाही.

असे असले तरी कागदाचा एक धर्म आहे. ज्याने तो लिहिला त्याच्या इच्छेपेक्षा तो अधिक सांगून जातो. खाडीपलीकडे तुर्भ्याला २०२० च्या डिसेंबरात आयकिया या स्वीडिश कंपनीचे प्रचंड दुकान उघडले. टेबले, खुर्च्या, पडदे, भांडी असा घरसंसाराचा सगळा सरंजाम तेथे मिळतो. या कंपनीनेही २०१६ मध्ये स्वीडनमधील एल्महुल्ट गावी, आपल्या पहिल्या दुकानाच्या इमारतीत, स्वतःचे संग्रहालय मांडले. पण तिच्या दप्तराची खरी कसोटी त्याआधीच लागली होती. १९७० आणि १९८० च्या दशकांत पूर्व जर्मनीतील तुरुंगांत राजकीय कैद्यांकडून सक्तीने फर्निचरची कामे करून घेतली जात, आणि तो माल आयकियाला जाई, अशी त्या कैद्यांची तक्रार होती. वर्षानुवर्षे त्यांच्याजवळ स्वतःच्या शब्दाखेरीज पुरावा नव्हता. अखेर कंपनीला चौकशी करवून घ्यावी लागली. कंपनीचे अंतर्गत कागद आणि जर्मन सरकारी दप्तरे चाळली गेली, माणसांच्या जबान्या घेतल्या गेल्या, आणि २०१२ मध्ये तक्रार खरी ठरली. पुरवठादार कैद्यांना राबवीत होते, आणि कंपनीच्या प्रतिनिधींना त्याची कल्पना होती. कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. २०२४ मध्ये तिच्या जर्मन शाखेने पीडितांच्या साहाय्यनिधीसाठी ६० लाख युरो देण्याचे मान्य केले.

या प्रकरणाचे दोन धडे आहेत. त्या तुरुंगांवर समाजवादाचा फलक होता. भांडवलदाराचा नफा आणि हुकूमशाहीचा दंडुका यांचे संगनमत त्या फलकाआड सुखाने नांदले, हे समाजवादी म्हणविणाऱ्यांनी तोंड न लपविता सांगितले पाहिजे. दुसरा धडा असा की, कागद उरले होते म्हणून म्हाताऱ्या झालेल्या कैद्यांना न्यायाचा काही अंश मिळाला. कागद जळाले असते तर त्यांच्या सत्याला कोणी साक्षीदार उरला नसता.

आता दृष्टी स्वतःच्या घराकडे वळवू. १९७२ मध्ये विक्रोळीच्या याच गोदरेज कारखान्यात तीव्र कामगारसंघर्ष झाला. डॉ. दत्ता सामंत यांचे नाव त्यातून गाजले. त्या संघर्षाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने कंपनीच्या अभिलेखागाराचे दार जरूर ठोठवावे. पण दुसरी बाजू पाहण्यासाठी त्याने कोणते दार ठोठवायचे? ठाण्याचीच गोष्ट घ्या. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत १९६२ मध्ये येथे, वागळे इस्टेटमध्ये, उभी राहिली. पोखरण, कोलशेतच्या बाजूला मोठमोठे कारखाने होते. त्यांतले कित्येक बंद पडले. रेमंडच्या गिरणीच्या जमिनीवर निवासी मनोरे उभे राहिले. त्या कारखान्यांच्या फाटकांवर वाटलेली हस्तपत्रके, मागण्यांचे मसुदे, वेतनकरार, संपकाळातील धान्यवाटपाच्या याद्या, पतपेढ्यांच्या वह्या यांतले किती शिल्लक आहे? जे आहे ते एखाद्या वृद्ध कार्यकर्त्याच्या घरी, पलंगाखालच्या ट्रंकेत. नौपाड्यातील जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत. घर रिकामे करण्याच्या घाईत ती ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते, आणि एका लढ्याचा इतिहास किलोच्या भावाने विकला जातो. मालकाने कागद सांभाळले म्हणून त्याच्यावर रागावणे व्यर्थ आहे. कामगार चळवळीने आपले सांभाळले नाहीत, हे खरे दुखणे आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार गिरणीकामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. साप्ताहिक सुटीची ती मागणी आज वाचता येते, कारण ती सरकारी दप्तरात शिरली. दर वेळी प्रतिपक्षाच्या दप्तरावर विसंबून चालणार नाही. ॲमस्टरडॅम येथे १९३५ मध्ये सामाजिक इतिहासाची संस्था उभी राहिली आणि तिने मार्क्स-एंगल्स यांची हस्तलिखिते नाझींच्या तावडीतून वाचविली. आपल्याकडेही नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेत भारतीय श्रमिकांच्या अभिलेखागाराचे काम १९९८ पासून सुरू झाले. वाट माहीत आहे, चालणारे हवेत.

तेव्हा भाषणाअखेर एक साधा कार्यक्रम सुचवावासा वाटतो. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील दहा जुन्या कामगारांची घरे गाठावीत. त्यांच्याजवळचे कागद मागून घेऊन तारीखवार लावावेत, त्यांची छायाचित्रे काढून मूळ प्रती परत कराव्यात. त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित कराव्यात; स्त्री-कामगारांच्या तर आधी, कारण त्यांच्याजवळ कागद सर्वांत कमी असतात. १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय याच शहरात आहे. अशा संस्थांकडे एका कपाटापुरती जागा मागण्यात संकोच कशाला? आणि विक्रोळीच्या अभिलेखागारातही तरुण अभ्यासकांनी जावे, हजेरीपत्रके, वेतनपत्रके, अपघातांच्या नोंदी अभ्यासासाठी मागाव्यात. मागितल्याशिवाय कोणतेही कपाट उघडत नाही.