शहराचं पाणी, गावाची नदी



आज आपण शहराविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आम्ही गावपाड्यातल्या बाया. नगरपालिकेला आम्ही घरपट्टी भरत नाही, तिथे आमचं मतही नाही. मग शहराचा कारभार ऐकून आम्ही काय करायचं? पण शहर जे पाणी पितं ते आपल्या डोंगरातून, आपल्या नदीतून जातं. आणि शहर जे टाकून देतं तेही बऱ्याचदा आपल्याच शिवेवर येऊन पडतं. म्हणून पर्यावरणासाठी, बदलत्या हवामानासाठी शहर काय करतं आणि कुठे कमी पडतं, हे आपल्याला ठाऊक हवं.

अंबरनाथचं शिवमंदिर आपण सगळ्यांनी पाहिलंय. महाशिवरात्रीच्या जत्रेत आपले गट तिथे नाचणीचे पापड, कुरडया, मसाले घेऊन बसतात. शिलाहार राजांच्या काळातलं हे देऊळ. तिथल्या शिलालेखावर शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा काळ कोरलेला आहे. साडेनऊशे वर्षं ते काळ्या दगडात उभं आहे. बांधणाऱ्यांनी जागा निवडली ती नदीकाठची. ही नदी म्हणजे वालधुनी. काकोळ्याच्या बाजूच्या डोंगरातून ती येते. वरच्या अंगाला रेल्वेने बांधलेलं जुनं धरण आहे, त्याला लोक जीआयपी टँक म्हणतात. पुढे ती देवळाजवळून अंबरनाथ, उल्हासनगर करत कल्याणला जाते आणि उल्हास नदीच्या खाडीला मिळते.

डोंगरात या नदीचं पाणी स्वच्छ असतं. शहरात शिरली की तिचा नाला होतो. घरांचं मैलापाणी, कारखान्यांचं सांडपाणी, प्लास्टिक, राडारोडा सगळं तिच्या पोटात जातं. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरजवळ कुणीतरी टँकरमधलं रसायन या नदीत सोडलं. रात्रीतून विषारी वायू पसरला. झोपेतली माणसं खोकत, उलट्या करत उठली आणि शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. पुढच्याच वर्षी, 2015 मध्ये, राष्ट्रीय हरित लवादाने वनशक्ती या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला. उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्यांच्या प्रदूषणाबद्दल इथल्या पालिका आणि कारखान्यांची सांडपाणी केंद्रं यांना कोट्यवधी रुपयांचा दंड सुनावला. म्हणजे नदी सांभाळणं ही पालिकेची मर्जी नाही, ती तिची कायद्याने जबाबदारी आहे.

आता हवामान बदल म्हणजे काय ते बघू. मोठमोठे शब्द बाजूला ठेवू. आपल्याला जाणवतं ते एवढंच की पाऊस लांबतो, आणि आला की एकदम कोसळतो. उन्हाळा आधी सुरू होतो आणि मार्च-एप्रिलातच पारा चाळिशीपार जातो.

एक हिशोब करू या. तुमच्या घराचं छप्पर 20 फूट लांब आणि 15 फूट रुंद आहे असं धरा. पाऊस 1 मिलिमीटर पडला की त्यावर साधारण 28 लिटर पाणी पडतं. 100 मिलिमीटर पडला की 2,800 लिटर. हंडा 15 लिटरचा धरला तर 180 हून जास्त हंडे, एका छपरावरून, एका दिवसात. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा पाऊस आपल्या या छपरावर पडला असता तर 26 हजार लिटरांहून जास्त पाणी पागोळ्यांवाटे खाली आलं असतं. गावात त्यातलं थोडं मातीत मुरतं, थोडं भातखाचरात थांबतं. शहरात सगळीकडे सिमेंट. हजारो छपरांचं पाणी एकदम नाल्याकडे धावतं. नाला कचऱ्याने भरलेला, नदीकाठी भराव टाकून इमारती उभ्या. मग ते पाणी घरात शिरतं.

27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, आठवतं ना? हजारावर प्रवासी होते, त्यात बाळंतपण जवळ आलेल्या बायाही होत्या. एनडीआरएफ आणि नौदलाची माणसं बोटी घेऊन आली. जवळच्या गावांतली माणसंही मदतीला धावली. पूर शहराच्या आणि गावाच्या हद्दी बघत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

मग यासाठी शहरं काय करतात? मुंबई महापालिकेने मार्च 2022 मध्ये वातावरण कृती आराखडा आणला. त्यात इमारती आणि वीज, वाहतूक, कचरा, झाडं-हिरवळ, हवा, आणि पूर व पाणी अशी सहा कामं धरली आहेत. 2050 पर्यंत शहर जेवढा धूर-वायू हवेत सोडेल तेवढाच झाडं वगैरेंनी शोषला जावा, नवी भर पडू नये, असं उद्दिष्ट ठेवलंय.

आपल्या जवळच्या अंबरनाथ, कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा किंवा उल्हासनगर महापालिका मुंबईएवढ्या श्रीमंत नाहीत. पण राज्य सरकारचं ‘माझी वसुंधरा’ अभियान सगळ्यांसाठी आहे. 2 ऑक्टोबर 2020 ला ते सुरू झालं. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश ही पंचमहाभूतं धरून कामाला गुण देतात. झाडं आणि कचरा म्हणजे भूमी, स्वच्छ हवा म्हणजे वायू, नदी-विहिरी म्हणजे जल, वीज वाचवणं आणि सौरऊर्जा म्हणजे अग्नी, लोकांमध्ये जागृती म्हणजे आकाश. आणि सख्यांनो, यात ग्रामपंचायतीही भाग घेऊ शकतात. म्हणजे आपलं गाव आणि शेजारचं शहर एकाच परीक्षेला बसलेले आहेत.

कागदावर हे छान आहे. पण शहराचं काम खरं झालं की नाही हे ओळखायचं कसं? आम्ही गटाच्या बैठकीत तीन साध्या खुणा ठरवल्या आहेत.

पहिली खूण पाण्याची. शहराला पाणी कुठून येतं आणि वापरलेलं पाणी कुठे जातं? उल्हास नदी राजमाचीच्या बाजूच्या डोंगरातून कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येते. तिथे बंधाऱ्यावर पाणी उचललं जातं. दुसरं पाणी एमआयडीसीच्या बारवी धरणाचं. त्या धरणाची उंची वाढवली तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या पाड्यांची घरं-शेतं पाण्याखाली गेली. शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्यामागे कुणाचं तरी घर आहे, हे शहरातल्या बहिणींनाही सांगायला हवं. वापरलेलं पाणी प्रक्रिया करून नदीत सोडलं तर शहर पास. तसंच सोडलं तर कितीही झाडं लावली तरी नापास.

दुसरी खूण कचऱ्याची. घनकचरा नियमांप्रमाणे घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करायचा आहे. ओल्याचं खत होतं, सुका विकला जातो, डेपोत जायला फार थोडं उरतं. पण घंटागाडीत सगळं एकत्र झालं की ते डेपोत जातं, आणि डेपो असतो गावाशेजारी. बदलापूरचा डेपो वालिवलीजवळ आहे. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो, तो पेट घेतो, हवा तापवतो, आणि धूर सोसतात आजूबाजूच्या गावातल्या लेकरांचे जीव. शहरातल्या एका बाईने भाजीची देठं वेगळ्या बादलीत टाकली की तिचा उपकार आपल्यावरच होतो.

तिसरी खूण मोकळ्या जागेची. पाटबंधारे खातं नदीकाठी दोन पूररेषा आखतं. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नदीची जागा, तिथे बांधकाम नको. ही जागा शहराने भरली तर पाणी पलीकडच्या काठाला जाणार, आणि पलीकडच्या काठाला बहुतेक वेळा आपली शेतं असतात.

शहराचं काम अडतं कुठे? हद्दीपाशी. आमच्या एका गटाच्या पाड्याजवळ ओढ्यात रात्री टँकर रिकामा झाला होता. सकाळी पाण्याला फेस आणि नाक धरावं असा वास. बाया तक्रार घेऊन एका कार्यालयात गेल्या. तिथे सांगितलं, हे आमच्या हद्दीत येत नाही. दुसरीकडे तेच उत्तर मिळालं. त्या आठवड्यात गुरांना पाणी पाजायला बायांना दीड किलोमीटर लांब जावं लागलं. नदी एक, कार्यालयं अनेक. ही गाठ शहर एकटं सोडवू शकत नाही. नदीकाठच्या सगळ्यांनी मिळून ओढली तरच ती सुटेल.

म्हणून आपण काय करायचं ते सांगतो.

असा टँकर दिसला तर एकटीने जवळ जाऊ नका. वायूने जीव जाऊ शकतो. लांबून वेळ, जागा, जमलं तर गाडीचा नंबर टिपा, 112 ला फोन करा. मग लेखी तक्रार ग्रामपंचायतीला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या. मंडळाचं प्रादेशिक कार्यालय कल्याणला आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, पोच असलेला अर्ज फायलीत राहतो.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असं आपल्या कायद्यात आहे. तिथे हा विषय मांडा आणि ठराव लिहून घ्या. 2021-22 ते 2025-26 या वर्षांसाठी 15व्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतीला दिलेल्या निधीतला 60 टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता. त्यातून काय झालं, शोषखड्डे किती झाले, विहिरीचं पाणी तपासलं का, हे विचारायचा आपला हक्क आहे.

आणि जत्रेला याल तेव्हा पिशव्या कापडी आणा. देवळाला वाहिलेला बेल, फुलं नदीत जाऊ नयेत, खतात जावीत. आपल्या गटांनी शिवलेल्या पिशव्या तिथे खपतात, हेही आपल्याच फायद्याचं.

शहरातल्या बचत गटांनाही आपण बोलवू या. त्यांच्या नळाचं पाणी आणि आपल्या विहिरीचं पाणी एकाच डोंगरातून येतं. वर्षातून एकदा तरी दोन्हीकडच्या बाया नदीकाठी बसल्या, आपापली तक्रार आणि आपापलं काम एकमेकींना सांगितलं, तर हद्दीचं कारण सांगणाऱ्यांना एकाच वेळी दोन्ही हद्दींतून प्रश्न येतील.

येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं या विषयाला द्या. आपल्या गावाच्या वरच्या अंगाला कोण आहे, खालच्या अंगाला कोण आहे, एवढं एका कागदावर काढा. मग पुढचं काम आपोआप दिसेल.

काळजी घ्या, उन्हाची आणि पाण्याचीही.