पाळत कोणावर आणि कोणाची?

(गोंदिया येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शासनाच्या पाळतीचा विषय निघाला की सुशिक्षितांच्या तोंडी प्रथम जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीचे नाव येते. घरातल्या माणसाकडे अहोरात्र पाहणारा भिंतीवरचा पडदा सर्वांच्या स्मरणात आहे. एक तपशील मात्र नजरेतून निसटतो. हा पडदा मुख्यतः पक्षसदस्यांवर रोखलेला आहे. लोकसंख्येत ८५ टक्के असलेल्या श्रमिकांपैकी बहुतेकांच्या घरी तो नाहीच. सत्तेला त्यांची पर्वा वाटत नाही.

आणीबाणीत, १९७५ ते १९७७ या काळात, पाळत होती ती राजकीय कार्यकर्ते व पत्रकार यांच्यावर. तेथे कादंबरीचे चित्र जुळते. परंतु गेल्या पंधरा वर्षांत उभी राहिलेली पाळत तळापासून सुरू झाली. देशातील पहिली आधार कार्डे २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देण्यात आली. ही पाळत धाक दाखवीत आली नाही. धान्य आणि मजुरी यांची अट म्हणून आली.

न्यायालयाच्या निर्णयानेही हा भेद मिटला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २६ सप्टेंबर २०१८ च्या बहुमताच्या निकालाने बँक खाते व मोबाइल यांना आधारची सक्ती करता येणार नाही असे ठरविले; प्राप्तिकरासाठीची आणि सरकारी लाभांसाठीची अट मात्र कायम ठेवली. करदात्याला निदान वकील लावता येतो. शिधापत्रिकाधारकाने काय करावे?

आपल्या जिल्ह्यात धानाची रोवणी करणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. यंत्राने अंगठा ओळखला नाही, तर आपण आपणच आहोत हे सिद्ध करण्याचा भार त्या हातांवर येतो. पूर्वी सावकाराच्या कागदावर अंगठा उठविला जाई. आज तो शासनाच्या यंत्रावर उठत नाही म्हणून माणूस अडतो.

रोजगार हमी ही तर महाराष्ट्राने देशाला दिलेली देणगी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. त्याच विचाराच्या राष्ट्रीय योजनेत जानेवारी २०२३ पासून मजुरांची छायाचित्रे कामावर दिवसातून दोनदा मोबाइलवर काढून हजेरी लावणे सक्तीचे झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या योजनेच्या जागी नवा कायदा केला. यांत्रिक देखरेख त्यातही आहे.

गळती होती, हे कोणीही नाकारू नये. परंतु खोटी हजेरीपत्रके मजुराने लिहिली नव्हती. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच कबूल करावे लागले की, असंबद्ध छायाचित्रे, छायाचित्रांचीच छायाचित्रे चढविली जात आहेत. म्हणजे लबाडी करणारा यंत्रालाही फसवितो. जाच मात्र राबणाऱ्याला होतो. अर्थशास्त्राच्या भाषेत, भ्रष्टाचार रोखण्याचा खर्च ज्याच्यापाशी सर्वांत कमी आहे त्याच्याकडून वसूल होतो.

दुसरीकडे, नागरिकाची नजर शासनावर असावी म्हणून महाराष्ट्राने २००२ साली आणि देशाने २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्यातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलम आकसून टाकले आणि सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा सरकारला दिली. उद्या हजेरीपत्रकावरील नावेही ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारली गेली, तर सामाजिक अंकेक्षण कशाचे करायचे?

तेव्हा आपली मागणी स्पष्ट असावी. अंगठा न जुळल्यामुळे एकाचेही धान्य वा मजुरी अडता कामा नये. आणि कामाचे मोजमाप, देयके व हजेरीपत्रके ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावीत. सालेकसा-देवरीच्या गावांतून या मागणीचे ठराव व्हावेत, ही विनंती.