कर्करोगाच्या औषधचाचण्या आणि आपण
(नागापूर येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



कर्करोगावरील नव्या उपचारांची कसोटी रुग्णांच्या संमतीने पाहिली जाते, तीच औषधचाचणी. अशा चाचण्या बहुतांशी मोठ्या शहरांतील रुग्णालयांत चालतात. नागापूरच्या कारखान्यांत रोजंदारीवर राबणाऱ्याने वारंवार मुंबईस, परळास कसे जावे? औषध फुकट मिळाले, तरी बुडालेला रोज कोण भरून देणार? मग गळते ते गरिबाचेच नाव.

चाचणी खेड्यात नेता येत नाही, असे मात्र नाही. टाटा रुग्णालय व बार्शीचे कर्करोग रुग्णालय यांनी परदेशी तज्ज्ञांच्या साहाय्याने १९९९ पासून उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी चाचणी केली. तीत सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर येतात, हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तुलनेच्या गटास तपासणी दिली गेली नव्हती. त्यावरील टीका आम्हांस रास्त वाटते. खेड्याचा सहभाग हवा, पण तो असा नव्हे.

चाचणीत इजा झाल्यास उपचार व भरपाई देणे २०१९ च्या नियमांनी बंधनकारक आहे, हेही आपल्या घरोघरी ठाऊक असावे.

मुंबईस जाणाऱ्या रुग्णाचे व सोबत्याचे भाडे मंडळाच्या निधीतून द्यावे, ही सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत.