गाणाऱ्या मंडळ्या आणि आपली पेटी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. त्यामुळे चिटणीसबाईंनी जेव्हा सांगितले, "तुम्ही हल्ली पुस्तके वाचता, त्यावरच चार शब्द बोला," तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. पण मग मनात आले की, जे वाचले ते आपल्या मंडळालाच सांगण्यासारखे आहे, दुसऱ्या कोणाला नाही. म्हणून उभी राहिले. चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

मला वाचनाचा नाद लागला तो असा. बालगंधर्वांवरचा २०११ सालचा चित्रपट आपण पुष्कळ जणींनी टीव्हीवर पाहिला आहे. १९११ साली 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली, आणि तरी त्यांनी तोंडाला रंग लावला. ते पाहून मी डोळ्याला पदर लावला. मुलगी हिंगणघाटला कॉलेजात जाते. ती म्हणाली, "आई, रडतेस काय, यांच्यावर पुस्तके आहेत, मी आणून देते." आणि तिने वाचनालयातून एकामागून एक पुस्तके आणली. चिंतामणराव कोल्हटकरांचे 'बहुरूपी', गणपतराव बोडसांचे 'माझी भूमिका', गोविंदराव टेंब्यांचे 'माझा जीवनविहार'. ही तिन्ही पुस्तके त्या काळच्या नामांकित नाटक मंडळ्यांत स्वतः वावरलेल्या माणसांनी लिहिली आहेत. दुपारी कपाशीतून घरी आले की घटकाभर पुस्तक उघडायचे. सासूबाई म्हणत, "काहून वं, दूध ऊतू चाललं अन् तू पुस्तकातच घुसून रायली!" दोनदा दूध खरेच ऊतू गेले, हे मी कबूल करते.

आता तुम्ही म्हणाल, नाटक मंडळी आणि गाणे यांचा संबंध काय? भगिनींनो, तेव्हा रेडिओ नव्हता, मोबाईल नव्हता. लोकांच्या तोंडी जी गाणी असत ती नाटकातली पदे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यास 'शाकुंतल' केले, १८८२ साली 'सौभद्र' केले. एका 'सौभद्रा'त शंभरावर पदे! पद आवडले की लोक 'वन्समोअर' म्हणत, की तेच पद पुन्हा. अशाने रात्रीचे नाटक पहाटेपर्यंत चाले. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्या निघाल्या आणि ज्यांनी नाटकगृहाची पायरी कधी चढली नव्हती त्यांच्याही घरात ती पदे गेली.

ही मंडळी म्हणजे एक मोठे फिरते घरच असे. पडदे, पेट्या, पोषाख घेऊन आज या गावी तर महिन्याने त्या गावी. बिऱ्हाड एक, स्वयंपाक एक, पंगत एक. कोणी गायचे, कोणी पेटी वाजवायची, कोणी पडदे रंगवायचे, कोणी हिशेब लिहायचा. वाचताना मला सारखे वाटे, गाणाऱ्याचे नाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक, पण एवढ्या माणसांचा भात कोण शिजवीत होते, त्याचे नाव कुठे नाही.

आणि गंमत पाहा. या मंडळ्यांत बायका नाहीत! शकुंतला पुरुष, सुभद्रा पुरुष, भामिनी पुरुष. बाईने कसे चालावे, पदर कसा घ्यावा हे पुरुषांनी रंगभूमीवर दाखवायचे आणि घरच्या बायकांनी ते पाहून तसे नेसायचे. बालगंधर्वांचे पाहून बायका लुगडे नेसायला शिकल्या असे सांगतात. ज्या बाया गात त्यांना घरंदाज म्हणत नसत. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर बैठकी केल्या, भावंडांना बरोबर घेऊन स्वतःची नाटक मंडळी काढली आणि बाईचे काम बाईने केले, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. पुढे १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी कामे केली. आज आपण चौघीजणी देवळात खंजिरी घेऊन तुकडोजी महाराजांची भजने म्हणतो आणि कोणी नावे ठेवीत नाही. त्यामागे या बायांनी सोसलेले बोल आहेत, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

पण मला खरे सांगायचे आहे ते पुढचेच आहे.

ही पुस्तके वाचता वाचता एक गोष्ट मला बोचू लागली. जी ती मंडळी फुटते! किर्लोस्कर मंडळी केवढी मोठी. १९०५ साली नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, तीत आले. १९११ साली नानासाहेब जोगळेकर वारले आणि कारभारावरून कुरबुरी सुरू झाल्या. १९१३ साली नारायणराव, बोडस आणि टेंबे बाहेर पडले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिघे मालक. पण पुढे टेंबे गेले, बोडसही गेले. उरले एकटे नारायणराव, आणि त्यांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर. किर्लोस्कर मंडळीतूनच १९१८ साली दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे निघाले व त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. बोडसांचे पुस्तक वाचून टेंब्यांचे हाती घेतले, तेव्हा मला वाटले, घर एकच, पण गोष्ट दोन जावांनी सांगितलेली. दोघीही खऱ्या आणि दोघीही अर्ध्या.

मुलगी म्हणाली, "आई, हे सगळीकडे असेच आहे." इंग्लंडात लिव्हरपूल गावी १९६० साली पोरांनी 'बीटल्स' नावाचा बँड काढला. साऱ्या जगाने त्यांची गाणी डोक्यावर घेतली. १९६८ साली ते आपल्या हृषीकेशला येऊनही राहिले होते. आणि १९७० साली फुटले. त्यांच्यावर पुस्तकांचे ढीग आहेत म्हणे, आणि ते चौघे का फुटले हे अजून लोक वाचताहेत. पुन्हा एकत्र गातील अशी लोकांना आशा होती. पण १९८० साली त्यातल्या एकाला, जॉन लेननला, कोणी गोळी घालून मारले. चौघांचे एकत्र गाणे राहिले ते राहिलेच.

हे ऐकून त्या रात्री मला झोप आली नाही. का आली नाही, ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. तरी मी ते आज सर्वांसमक्ष बोलते.

आपल्या भजनी मंडळाची पेटी सर्वांच्या वर्गणीतून घेतली. ती माझ्या घरी ठेवायचे ठरले. दोन वर्षांपूर्वी आपल्या मावशींनी, ज्यांनी आपल्याला सगळ्या चाली शिकवल्या त्यांनी, नातवाच्या बारशाला पेटी मागितली. आणि मी दहा जणींसमोर म्हटले, "मंडळाची वस्तू आहे, वहीत सही करा आणि न्या." नियम बरोबर होता. पण बोलण्याची रीत बरोबर नव्हती. ज्या माउलीने माझे बोट धरून सूर दाखवला तिला मी सही मागितली. मावशी काही बोलल्या नाहीत. चप्पल घातली आणि गेल्या. त्यांच्यामागे पाच जणी गेल्या. तेव्हापासून गुरुवारी देवळात एक भजन आणि शाळेमागच्या आळीत दुसरे भजन. त्यांच्याकडे चाली आहेत, पेटी नाही. आमच्याकडे पेटी आहे, पण चाली अर्ध्याच येतात. दोन्हीकडे गाणे लंगडे. पेटीवर मी कापड घालून ठेवले. झाडताना हात लागला की ती बोलते आहे असे वाटे, आणि मी हात काढून घेई.

अशा मनाने वाचताना 'संयुक्त मानापमाना'ची हकीकत माझ्यापुढे आली. १९२१ साल. बालगंधर्वांची गंधर्व मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श मंडळी, दोन्ही नामांकित. एकाचे गाणे मधासारखे तर दुसऱ्याचे विजेसारखे. ह्याचा चाहता त्याचे तोंड पाहायचा नाही, इतकी चढाओढ. पण टिळक स्वराज्य फंडासाठी पैसा उभारायचा होता. तेव्हा ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत दोन्ही मंडळ्यांनी मिळून एक 'मानापमान' केले. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. कोण मोठा, कोणाचे नाव आधी, हे सगळे त्या रात्री बाजूला ठेवले. लोकांना जे कधी ऐकायला मिळाले नसते ते मिळाले.

आणि पुढचे ऐका. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव वारले. वय अवघे एकतीस वर्षांचे. तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. त्या जुलैत कोणी म्हटले असते, "यंदा नको, पुढच्या साली पाहू," तर ती रात्र झालीच नसती. मी हे वाचले, पुस्तक मिटले आणि कितीतरी वेळ ओट्यावर तशीच बसून राहिले.

बोलपट आल्यावर गंधर्व मंडळी बंद पडली, बळवंतही बंद पडली. केशवरावांनी १९०८ साली हुबळीस काढलेली ललितकलादर्श मात्र त्यांच्यामागे बापूराव पेंढारकरांनी चालवली, त्यांच्यामागे त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकरांनी चालवली, आणि तिने शंभरी गाठली. मला यातून एवढेच कळले की, गोड गळा देव देतो, पण मंडळी टिकते ती कोणीतरी दुसऱ्याचे ओझे आपल्या खांद्यावर घेतल्याने. आणि तिची आठवण राहते ती कोणीतरी लिहून ठेवल्याने. बोडस, टेंबे, कोल्हटकर यांनी लिहिले म्हणून वडनेरच्या एका सातवी शिकलेल्या बाईला त्यांची सुखदुःखे कळली. आपल्या मावशींना किती चाली येतात? साठ? सत्तर? एकही कुठे लिहिलेली नाही. मावशींना आता दम लागतो. चढ चढून देवळात येताना त्या दोनदा बसतात, हे मी लांबून पाहिले आहे आणि पुढे होऊन हात दिला नाही. याचीही मला लाज वाटते.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली अशी की, येत्या गुरुवारी दोन्ही भजने एकाच ठिकाणी व्हावीत. फक्त एक रात्र. पुढचे पुढे पाहू. दुसरी अशी की, आपल्या पोरींनी मोबाईल आणि वही घेऊन मावशींजवळ बसावे आणि त्यांची एकेक चाल उतरवून घ्यावी. वरती मावशींचे नाव घालावे. आपल्याकडे बोडस-टेंबे नाहीत, पण लिहिता येणाऱ्या पोरी पुष्कळ आहेत.

मावशी, तुम्ही आज मागच्या ओळीत बसला आहात, मी पाहिले. त्या दिवशी मी चुकले. मला क्षमा करा. पेटी मी आज बरोबर आणली आहे, ती तिथे दाराशी आहे. ती तुमच्या घरी राहील. सही नको.