पंचमीचा झोका

श्रावण शुद्ध पंचमी आली, की नांदेड-लातूरकडच्या लेकीबाळी माहेरी येतात. लिंबाच्या फांदीला दोर टाकून झोका बांधतात. आजीसुद्धा पदर खोचून उभी राहते, गुडघे वाकवून झोका चढवते. मग फुगडी, फेर आणि गाणी. त्या गाण्यांत सासर, भाऊ, पाऊस, कष्ट सगळं येतं. मनातलं बोलायला खेळच वाट करून देतो. दळतानाच्या गाण्यांचंही तसंच. संशोधक हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बायांनी जगण्याचा किती खोल विचार केलाय, ते त्यांतून कळतं. यंदा पंचमीचा झोका लेकरांपुरता ठेवू नका. आईला, आत्यालाही चढवा आणि त्यांची गाणी मन लावून ऐका.