दान्तेची रिकामी समाधी



फ्लॉरेन्स येथील सांता क्रोचे या चर्चविषयी आम्ही आज चार शब्द बोलणार आहोत. १२९४ साली फ्रान्सिस्कन संन्याशांनी ते बांधावयास घेतले. जोत्तोची भित्तिचित्रे आजही तेथे आहेत. चिमाबुएचा चित्रित क्रूस मात्र ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुरात कायमचा विद्रूप झाला. कलेविषयी एवढे पुरे. आम्हांस खिळवून ठेवले ते थडग्यांनी.

मायकेलअँजेलो १५६४ साली रोममध्ये वारला. पुतण्याने त्याचा देह व्यापारी मालासारखा बांधून गुपचूप स्वनगरीस आणला. गॅलिलिओ १६४२ मध्ये गेला. पण धर्मसत्तेच्या रोषामुळे तो तब्बल ९५ वर्षे एका आडबाजूच्या खोलीत पडून होता. १७३७ साली त्याला मानाची जागा मिळाली, आणि त्या स्थलांतरात चाहत्यांनी त्याची बोटे काढून घेतली! संतांचे अवशेष पूजणाऱ्यांनी शास्त्रज्ञालाही सोडले नाही.

याच रांगेत दान्तेची भव्य समाधी आहे. ती रिकामी आहे. १३०२ मध्ये फ्लॉरेन्सने त्याला हद्दपार केले, परतल्यास जिवंत जाळण्याची शिक्षा फर्मावली. १३२१ साली तो राव्हेन्नात वारला. पुढे नगरीस पश्चात्ताप झाला. १५१९ मध्ये पोपची अनुज्ञा घेऊन माणसे अस्थी आणावयास गेली, तो पेटी रिकामी! राव्हेन्नाच्या संन्याशांनी त्या आधीच दडविल्या होत्या. १८६५ साली त्या भिंतीत सापडल्या आणि तेथेच राहिल्या. राव्हेन्नातील त्याच्या समाधीपुढील दिव्यासाठी फ्लॉरेन्स आता दरवर्षी तेल पाठविते. आम्हांस विचाराल तर राव्हेन्नाचेच बरोबर होते. ज्या गावाने संकटात आसरा दिला, त्याचा हक्क जन्मगावाहून उणा कसा म्हणावा?

फ्लॉरेन्सला गेलेल्या मराठी माणसाने मग शहराच्या पश्चिम टोकास, कॅशिने उद्यानातही जावे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी या शहरी निवर्तले. परधर्मी नगरीत दहनाची प्रथा नव्हती. तरीही नगरपालिकेने खास परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू विधीने अग्निसंस्कार झाला. १८७४ साली तेथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभारण्यात आला. शेजारच्या, १९७८ साली झालेल्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात.